दोन्ही हजर

"आरतीताई, तुमचा त्यो काळा डबा बंद हाय बगा."

फोनवर बयाबाई होती, तिकोणा पेठेच्या नेत्र तपासणी केंद्रातली मदतनीस. आवाज तुटत होता. पेठेत रेंज म्हणजे माहेरवाशीण, आली तर आली.

आरतीनं फोन खांद्यात दाबला आणि दोन्ही हात मोकळे करून कमांड मारली. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ गेली, जरा थबकली, खाली उत्तर उमटलं. या फोल्डरच्या प्रती दोन. एक लोणावळा. एक तिकोणा.

"नाही मावशी, चालू आहे. मला इथं दिसतोय."

"आगं पन मी त्याच्या म्होरं हुबी हाय. एक बी दिवा न्हाई त्याला."

"दिवे गेले असतील. आतून चालू असतो तो."

"आतून?" बयाबाई घुटमळली. "त्याची पिन मी काडलीय. लाइट सारकी जातीय, आन इन्व्हर्टरला एकच पिन बसती. फ्रीजातली डोळ्याची औषदं गरम व्हाया लागली, म्हनून तितं फ्रीज लावलाय. म्हनलं तुमास्नी इचारावं."

आरतीनं पुन्हा कमांड मारली. पुन्हा दोन नावं. डबा बसवायला आलेला कंपनीचा पोरगा म्हणाला होता, की याला स्वतःची बॅटरी असते. मग बॅटरीवरच चालत असणार.

"त्याला बॅटरी आहे मावशी. काही झालेलं नाही."

"मंग फ्रीजाचीच पिन ऱ्हाऊ दिऊ?"

"राहू द्या."

"बरं झालं बाई. तुमास्नी दिसतंय तर आसंल. मी आपली अडानी, मला काळा डबा काळाच दिसनार."

दोघी हसल्या. फोन बंद झाला. आरतीनं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोजच्यासारखे दोन शब्द टाकले, 'दोन्ही हजर.' खाली पुण्याहून तिच्या साहेबांचा, राजेंद्र सरांचा अंगठा आला. श्रावणातली ती एक सकाळ. बाकी सकाळींसारखीच.

ही कमांड काय करते ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी अडायला नको. लोणावळ्यात एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येतात, त्यांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढतात. हे फोटो मोठे, जडशीळ. ते लोणावळ्याच्या सर्व्हरवर राहतात. उद्या तिथं आग लागली, पाणी शिरलं, तर सगळंच जायला नको, म्हणून त्यांची हुबेहूब प्रत तिकोणा पेठेच्या डब्यात बसवायची सोय केलेली. आणि आरती बसायची बाजारपेठेतल्या ट्रस्टच्या कचेरीत, दोन्हींपासून लांब. तिथून ती कमांड लोणावळ्याच्या सर्व्हरला विचारायची, "बाबा रे, तुझ्याकडं हे जे आहे, त्याची प्रत आणखी कुठं कुठं आहे?" सर्व्हर नावं सांगायचा.

बस, एवढंच. नावं. सर्व्हर आणि डबा बसवायला आलेल्या त्या पोरानं त्याला जी नावं एकदा शिकवली, तीच तो पोपटासारखी म्हणायचा. डबा जिवंत आहे का, त्यात कालचा फोटो आलाय का, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि कमांड ते विचारतही नव्हती. लग्नपत्रिकेवर मांडव सजवणाऱ्या काका-मामांची नावं छापलेली असतात. त्यातला कुठला मामा रुसून आलाच नाही आणि कुठला मधेच वारला, ते पत्रिकेला काय माहीत?

हे आरतीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डब्यातली बॅटरी आतल्या घड्याळापुरतीच असते हेही नाही. तिचं ट्रेनिंग म्हणजे राजेंद्र सर एकदा येऊन बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "ही ओळ रोज मारायची. दोन नावं आली की ग्रुपवर टाकायचं. एकच आलं तर मला फोन." तिनं विचारलं होतं, "सर, ही नक्की बघते काय?" सर म्हणाले, "ते तुझ्या लेव्हलचं नाही गं. तू मारत जा." आपल्याकडं हे असं असतं. कामाचा टाका तेवढा शिकवायचा, शिवण कुठं जाते ते लपवायचं. मग टाका सुटला की शिवणाऱ्याचे हात पकडायला मोकळे.

प्रत बसली नाही तर एक ईमेल जायची सोयही होती. जायचीसुद्धा रोज. ज्याच्या नावावर जायची तो, डबा बसवणारा पोरगा, केव्हाच कंपनी सोडून हिंजवडीला गेला होता. मेलेल्या माणसाच्या दारात टपाल पडावं तशी ती साठत होती.

आरती बुधा निरगुडे. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला, नागफणीकडं जाताना जी वाडी लागते तिथली. वाडीतली पोरं पर्यटकांच्या पिशव्या वाहतात, पोरी बंगल्यांवर भांडी घासतात. शेटलोक शनिवारी येतात, सोमवारी उष्टं टाकून जातात, ते उष्टं आवरायला वाडी. त्यात आरती बारावी झाली, कामशेतला कंप्युटरचा कोर्स केला आणि पंख्याखाली खुर्चीत बसून करायची नोकरी मिळवली. पंख्याखाली खुर्चीत बसणारं वाडीतलं पहिलं माणूस. नोकरी ट्रस्टची नाही, पुण्याच्या ठेकेदार कंपनीची, अकरा महिन्यांच्या कराराची. पण वाडीला करार दिसत नाही, खुर्ची दिसते. तिची आई गंगी पाण्यावर गेली की बायका म्हणायच्या, "तुजी लेक बाई दोन गावच्या मशिनी हितनं हाकती." गंगी हंडा उचलताना उगीच जरा जास्त ताठ व्हायची.

एक श्रावण गेला, दुसरा गेला. बयाबाईचा फोन आरती विसरूनही गेली. बयाबाईही विसरली. पिन फ्रीजला होती, औषधं थंड होती, ग्रुपवर रोज दोन्ही हजर होते.

मार्गशीर्षात एका मंगळवारी तिकोणा पेठेचे गेणूआबा लोणावळ्याच्या हॉस्पिटलात फोटोच्या मशिनसमोर बसले होते. आबांना साखर. वर्षाआधीच्या दिवाळी शिबिरात त्यांच्या पडद्यावर डॉक्टरबाईंना एक डाग दिसला होता. डाग वाढत असेल तर डोळ्यात सुई, नसेल तर थांबायचं. त्या दिवशी आरती हॉस्पिटलात होती, प्रिंटरचं काहीतरी अडलं म्हणून बोलावलं होतं.

"हलू नका आबा," म्हणून फोटो काढणारी बाई आत गेली ती गेलीच. आबा हनुवटी टेकून हिरव्या दिव्याकडं टक लावून बसले. डोळ्यातून पाण्याची धार लागली तरी पापणी नाही.

"आबा, झालं की केव्हाच," आरती म्हणाली.

"झालं व्हय? मला काय म्हाईत. हालू नगा म्हनली, हाला म्हनलीच न्हाई कोन."

डॉक्टरबाई आल्या. नवा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर होता. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या दिवाळीचा काढ गं. शेजारी लाव."

मागचा निघेना. गोल गोल चक्र फिरत राहिलं. आरतीनं तिथल्याच कंप्युटरवर कमांड मारली. आज कमांड काहीच बोलली नाही. दुसऱ्यांदा मारली. गप्प. वरच्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीतला सर्व्हर बंद पडला होता. आत एकमेकींना सांभाळणाऱ्या दोन चकत्या, म्हणजे हार्ड डिस्क, होत्या. त्यातली एक केव्हाच मेलेली, कुणी पाहिलीच नाही, आणि दुसरीनं आज जीव सोडला.

आरतीनं राजेंद्र सरांना फोन लावला. सरांचा आवाज अगदी थंड. "घाबरतेस काय? तिकोणा आहे ना. याच्यासाठीच असतं ते. तूच तर रोज कळवतेस."

"हो सर."

"मग जा आणि डबा घेऊन ये."

वॉर्डबॉयची स्कूटर मागून घेतली आणि आरती निघाली. दुधिवरे खिंडीतून उतरताना खाली पवनेचं पाणी चमकत होतं, पलीकडं तिकोणा उभा. तिच्या मनात भीती नव्हती. खरं सांगायचं तर थोडी ऐटच होती. इतके दिवस दोन शब्द लिहीत आले, आज त्या दोन शब्दांचा उपयोग होणार.

केंद्रात शिरली तर डबा दिसेना. फळीवर क्रोशाचा पांढरा रुमाल होता, कडेला मोर विणलेले.

"मावशी, डबा कुठाय?"

"त्यो काय, झाकलाय. धूळ बसू ने म्हनून." बयाबाईनं कौतुकानं रुमाल काढला. "लय नाजूक वस्तू आसती म्हनलावता त्यो पोरगा. दर शनवारी फडकं मारत्ये मी, सुकं. वलं न्हाई लावत."

डबा चकचकीत होता. आणि थंडगार. आरतीनं हात ठेवला तसा तो थंडपणा तिच्या कोपरापर्यंत चढला. वायर वेटोळं करून, रबर लावून, डब्याच्या पाठीमागं नीट ठेवलेली होती.

तिनं पिन घातली. डबा घरघरला, दिवे लागले. लॅपटॉप जोडून तिनं फोटो पाहिले. गेल्या साली नागपंचमीच्या आसपासच्या एका संध्याकाळी फोटो संपत होते. त्यापुढं काही नाही. सव्वा वर्षाचं मावळ नाही. पवनेच्या काठच्या, नाणे मावळातल्या, कुठल्या कुठल्या घाटमाथ्यावरच्या माणसांचे डोळे नाहीत.

"चाललं न्हवं?" बयाबाई डोकावली. "बॅटरी हाय म्हनलावता तुमी."

आरतीनं फोटोंची यादी पुन्हा शेवटापर्यंत सरकवली.

"गेणूआबाचा फोटू हाय का त्यात? त्ये सकाळच्या पारी माझ्याच संगं निघालं हुतं यष्टी धरायला."

"नाही मावशी."

"मंग आता त्यांला सुई का काय?"

"माहीत नाही."

बयाबाईनं डब्याकडं पाहिलं, फ्रीजकडं पाहिलं, हातातल्या रुमालाची चार पदरी घडी घातली. काय घडलं ते तिला तेवढ्यात उमगलं. अडाणी होती, पण खुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी राजेंद्र सर स्वतः पुण्याहून आले. कचेरीबाहेरच्या टपरीवर त्यांनी आरतीला चहा पाजला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हे बघ आरती, मी तिथल्या बाईशी बोललो फोनवर. तिनं कबूल केलंय. पिन तिनं काढली. सरळ केस आहे."

"सर, पण..."

"पण काय? तुझे रोजचे मेसेज आहेत. दोन्ही हजर, दोन्ही हजर. तू तुझं काम चोख केलंस. सिस्टीमही बरोबर होती. माणसानं वायर उपटली, त्याला सॉफ्टवेअर काय करणार?"

"सर, ती कमांड बघतच नाही म्हणे. फक्त नावं सांगते. मी काल रात्रभर नेटवर वाचलं."

राजेंद्र सरांनी कप खाली ठेवला. "हे उद्या डॉक्टरांसमोर बोलायचं नाही. गरज नाही. त्यांना टेक्निकल काही कळत नाही, उगाच गोंधळ होईल. तुझा करार फेब्रुवारीत संपतोय ना? मी तुला पुण्याच्या ऑफिसात घेतो. कायम. तुझ्यासारख्या मुली आम्हाला हव्याच आहेत. प्रेझेंटेशनमध्ये छान दिसतं."

"मुली म्हणजे?"

"म्हणजे अशा... वाडीवरून वगैरे आलेल्या. चांगल्या अर्थानं म्हणतोय मी."

चांगल्या अर्थानं! या लोकांकडं चांगल्या अर्थाची खाणच असते. खड्डा मात्र नेहमी दुसऱ्याच्या दारात निघतो.

"आणि बयामावशींचं काय?"

"ट्रस्ट बघेल. तशीही साठीची असेल ती."

बयाबाईला मूल नव्हतं, नवरा गेलेला, शेत दिरानं दाबलेलं. केंद्राची किल्ली कमरेला लावून ती पेठेतून चालायची तेव्हा दीरसुद्धा बाजूला व्हायचा. ती किल्ली हीच तिची जहागीर. आरतीला ते ठाऊक होतं. आणि कायमची पुण्याची नोकरी म्हणजे काय, तेही तिला चांगलं ठाऊक होतं. वाडीतलं घर, आईचं ताठ होणं, दरवर्षी फेब्रुवारीत करार वाढेल का याची धास्ती. सगळं एका 'हो'वर सुटत होतं, आणि 'हो' तरी कुठं म्हणायचं होतं? गप्प बसलं तरी भागणार होतं.

संध्याकाळी ती वाडीवर गेली. तिचा बाप बुधा ओट्यावर बसून कुडाच्या काड्या तासत होता. बुधा वाडीचा कौल लावणारा. कुणाची गाय हरवली, कुणाची सोयरीक अडली, की त्याला घेऊन लोक वरसूबाईच्या ठाण्यावर जात. देवीच्या दगडाला दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आरतीचा यावर विश्वास नव्हता. कंप्युटरचा कोर्स झाल्यापासून तर नव्हताच.

"बा, घरी बसून कौल लागतो का रं?"

बुधा हसला. "आता येडी का खुळी तू? घरी बसून लागंल तर त्यो गाय हारवल्याला ढोऱ्याचा बाजीराव फोनवरच नसता का लावीत? मला डोंगुर कशाला चडीवतो मंग?"

"का नाय लागत पन?"

"आगं, देवीला आदी धुवाया लागती. दगडावर शेवाळ आसतंय. आंगठ्यानं घासून घासून काडायचं. शेवाळावर पाकळी चिटाकली तर ती पडायचीच न्हाई, उजवी बी न्हाई न् डावी बी न्हाई. मंग मानूस म्हनतो, देवी माझ्या बाजूनं हाय, काय सुदीक हालत न्हाई." त्यानं काडी उजेडाकडं धरून पाहिली. "माझा बा म्हनायचा, इचारनं सोपं आसतं. घासनंच जड."

गंगी आतून ओरडली, "लेकीला भाकर खाऊ दे आदी. लागला देव सांगाया."

"तिनंच इचारलं! मी कुटं सांगाया गेलतो?"

आरती भाकर खायला बसली. नुसतीच भाकर मोडत राहिली, म्हणून गंगीनं वर दूध ओतलं.

बैठक डॉक्टरबाईंच्या खोलीत झाली. डॉक्टरबाई, राजेंद्र सर, आरती खुर्चीवर. बयाबाईला पेठेहून बोलावलं होतं. तिच्यासाठी खुर्ची होती, पण कुणी बस म्हणालं नाही, आणि न म्हणता बसायची तिला सवय नव्हती. ती दाराशी उभी राहिली, नवं लुगडं नेसून. शिक्षा ऐकायलाही माणूस धडसं नेसून जातं.

राजेंद्र सरांनी लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवली. हिरवे बाण, निळे बाण. शेवटच्या चित्रात एक वायर आणि तिच्यावर लाल फुली. "मानवी हस्तक्षेप," ते म्हणाले.

डॉक्टरबाई बयाबाईकडं वळल्या. "बयाबाई, पिन तुम्ही काढलीत?"

"व्हय."

"कुणाला विचारलं होतं?"

आरतीनं मान वर केली. बयाबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र टांगलेलं होतं, त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "न्हाई जी. माझं मीच काडली. औषदं खराब व्हत हुती."

राजेंद्र सर खुर्चीत मागं रेलले. एवढंच होतं. आता फक्त तसंच बसून राहायचं.

"खोटं बोलतायत त्या," आरती म्हणाली.

आवाज नको इतका मोठा निघाला.

"त्यांनी मला फोन केला होता. डबा बंद आहे, सांगितलं. पिन काढलीय, सांगितलं. मी म्हणाले चालू आहे. पिन फ्रीजलाच राहू द्या, असं मीच म्हणाले."

"आरती," राजेंद्र सर म्हणाले, "तू भावनिक होऊ नकोस."

"नाही होत आहे सर. तुम्ही दिलेली कमांड फक्त नावं सांगते. डबा जिवंत आहे का ते ती बघत नाही. हे तुम्हाला माहीत होतं की नाही ते मला माहीत नाही. माहीत नसेल तर तुम्ही कसले सर, आणि माहीत असेल तर त्याहून वाईट."

"डॉक्टर, हे मर्यादा सोडून..."

"थांबा हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तू सव्वा वर्ष रोज काय लिहीत होतीस?"

"विचारत होते मॅडम. बघत नव्हते. एक माणूस डब्यासमोर उभं राहून मला सांगत होतं, आणि मी त्यांना म्हणत होते की तुम्हाला चुकीचं दिसतंय."

"आणि तुमच्यापैकी कुणी तिथं गेलं होतं?" हा प्रश्न राजेंद्र सरांना होता. "दर तिमाहीला भेट देणार होतात तुम्ही."

सरांनी लॅपटॉप मिटला. "रिमोटनं होत होतं ते. आजकाल प्रत्यक्ष जायची गरज नसते."

डॉक्टरबाईंनी समोरचे कागद गोळा केले. मग म्हणाल्या, "गेणू आजोबांना मी आज सुई दिली. गरज होती की नव्हती, मला कळायला मार्ग नव्हता. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं." एवढं सांगून त्या उठल्या आणि पेशंट बघायला गेल्या. न्याय झाला की नाही हे कुणालाच कळलं नाही. सरळ निकाल लागायला ही काय पंचायत होती?

बाहेर व्हरांड्यात बयाबाईनं आरतीचा दंड धरला.

"कशाला बोललीस गं भवाने? माझं काय, आज हाय उद्या न्हाई. पुन्याला गेली आसतीस. पंख्याखाली बसली आसतीस."

"तुम्ही का नाही सांगितलंत माझं नाव?"

"तुजी आय मला जत्रंत भेटली हुती. लय ताठ चालती." बयाबाई चिडून म्हणाली. "तिला वाकाया लावू व्हय मी?"

बयाबाई राहिली. ठेका मात्र कंपनीकडंच राहिला, कारण दुसरी कंपनी शोधायला ट्रस्टकडं वेळ नव्हता. फक्त इन्व्हर्टरला आणखी एक पिन बसली. आरतीला कुणी पत्र दिलं नाही, बोलावलं नाही. दुपारी फोनवर एक ओळ उमटली, की राजेंद्र सरांनी तिला ग्रुपमधून काढलं आहे. कायद्यानं असं काढता येतं का, विचारायला ती कुणाकडं गेली नाही. अशा माणसांना कायदा भेटतो तो नेहमी दुसऱ्याच्या खिशातच.

पुढच्या रविवारी आरती लोहगडवाडीत सख्ख्या मावशीच्या टपरीवर पिठल्याचा डाव धरून उभी होती. गड उतरून आलेल्या पोरांची झुंबड उडालेली. फोन वाजला.

"हॅलो, आरती मॅडम? मी ओंकार बोलतोय. तुमच्या जागेवर लागलोय. सॉरी हं, ती रोजची कमांड तुमच्याकडं असेल का? सरांना विचारलं तर म्हणाले, ते छोटं काम आहे, तिला विचार."

आरतीनं डाव पातेल्यात ठेवला, हात पदराला पुसला आणि कमांड सांगितली. एकेक अक्षर, मधल्या रेघा, कुठं जागा सोडायची तेही. पलीकडं कळफलक टकटकत होता.

"आली! दोन नावं आली मॅडम. थँक्यू. आता ग्रुपवर टाकतो."

"थांब. टाकायच्या आधी तिकोणा पेठेला बयामावशींना फोन लावायचा. रोज. त्यांना म्हणायचं, डब्यावर हात ठेवून सांगा, गरम आहे का. त्यांचा नंबर घे."

"फोन? पण इथं दिसतंय की मॅडम. दोन्ही आहेत."

"नंबर घे."

तिनं नंबर सांगितला. तो तिला पाठ होता. पलीकडून टकटक ऐकू आली नाही.

"ताई, पिठलं-भाकरी किती वेळ?" टोपीवाला एक पोरगा ओरडला.

"देते," आरती त्याला म्हणाली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पहिल्या आकड्यापासून नंबर पुन्हा सांगायला लागली, सावकाश, मधे थांबत, समोरच्याला लिहायला वेळ मिळावा असा.